खिडक्या कोणाच्या? उंदीर कोणाचा?

मुलांनो, सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न बघा. 'संगणकाच्या माउसचा शोध कोणी लावला?' उत्तर ठरलेलं. डग्लस एंगेलबार्ट. एक गुण! आता पुढचा प्रश्न. 'पडद्यावर खिडक्या आणि चित्रं असलेला संगणक पहिल्यांदा कोणी केला?' इथे मात्र वर्गात दोन तट पडतात. कोणी म्हणतं ॲपल, कोणी म्हणतं मायक्रोसॉफ्ट. एवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, "झेरॉक्स!" आणि सगळा वर्ग हसतो. कारण झेरॉक्स म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, जिथे दाखल्यांच्या प्रती काढून मिळतात!

पण हसू नका बरं का. ते उत्तर बरंचसं बरोबर आहे. बरंचसं, पण पूर्ण नाही. हा वाद अमेरिकेत एवढा पेटला होता की त्यापायी मोठमोठ्या कंपन्या सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत होत्या. आज त्याचीच हकिगत सांगते. ती ऐकल्यावर 'शोध कोणी लावला?' हा प्रश्नच जरा वेगळ्या रीतीनं विचारावा असं तुम्हांलाही वाटेल.

काळा पडदा आणि पाठ केलेल्या आज्ञा

आज संगणक सुरू केला की समोर छोटी छोटी चित्रं दिसतात. माउस सरकवला की बाण सरकतो. चित्रावर टिचकी मारली की खिडकी उघडते. नको असलेली फाईल ओढून कचरापेटीत टाकता येते. मोबाईलवर तर माउसही लागत नाही, आपलं बोटच बाणाचं काम करतं.

पूर्वी असं नव्हतं. तुमच्या आई-बाबांच्या शाळेत नव्वदच्या सुमारास संगणक आला असेल, तर त्यांना विचारा. पडदा काळा असायचा. एका कोपऱ्यात छोटीशी रेघ लुकलुकत असायची. फाईल बघायची तर एक आज्ञा, पुसायची तर दुसरी, नाव बदलायचं तर तिसरी. सगळ्या आज्ञा पाठ करायच्या आणि एकेक अक्षर टाईप करायच्या. एक अक्षर चुकलं की संगणक म्हणणार, आज्ञा चुकली!

म्हणजे संगणकाची भाषा माणसानं शिकायची, असा तो मामला. याच्या उलट, माणसाला समजेल असं काहीतरी संगणकानंच दाखवलं तर? या कल्पनेतून चार गोष्टी आल्या : खिडकी, चित्र म्हणजे आयकॉन, निवड करायची यादी म्हणजे मेनू, आणि हलता बाण. भांडण झालं ते या चार गोष्टींवरून.

लाकडाचा उंदीर

आधी उंदराकडे वळू. डग्लस एंगेलबार्ट यांचा जन्म १९२५ सालचा. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन नौदलात रडारचे तंत्रज्ञ होते. रडारच्या पडद्यावर ठिपके उमटतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं. पडद्यावर ठिपके उमटवता येतात, तर अक्षरं आणि चित्रं का नाही? पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ते याच विचारानं काम करू लागले.

पडद्यावरच्या एखाद्या जागेकडे बोट कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटर नावाचं एक उपकरण असतं. त्याचं चाक कागदावर फिरतं. त्यावरून एंगेलबार्टना कल्पना सुचली. एक आडवं चाक, एक उभं चाक. दोन्ही मिळून जागा सांगतील. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली तो तयार केला. लाकडाचा छोटासा ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण, आणि मागे शेपटीसारखी वायर. त्याला 'माउस' हे नाव पहिल्यांदा कोणी दिलं, हे पुढे त्या प्रयोगशाळेतल्या कोणालाच आठवेना!

त्यांनी आणखीही साधनं करून पाहिली होती. पडद्यावर टेकवायचं प्रकाशाचं पेन होतं. टेबलाखाली बसवलेलं, गुडघ्यानं चालवायचंसुद्धा एक होतं. मग माणसांना बसवून सगळ्यांची रीतसर परीक्षा घेतली, आणि माउस पहिला आला.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात सुमारे हजार तज्ज्ञांपुढे एंगेलबार्ट यांनी दीड तास प्रात्यक्षिक दाखवलं. संगणक होता जवळजवळ ५० किलोमीटर दूर. माउसनं शब्द निवडणं, पडद्याचे भाग पाडणं, एका मजकुरावरून टिचकीसरशी दुसऱ्यावर जाणं, दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर बघत त्याच्याशी बोलणं, हे सगळं त्या दिवशी लोकांनी पाहिलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मग शोध एंगेलबार्टचाच ना?

थांबा. आता कॅनडात जाऊ. तिथल्या नौदलासाठी १९५२ च्या सुमारास इंजिनिअरांनी एक यंत्र केलं होतं. त्यात एक गोळा बसवला होता. गोळा हातानं फिरवला की पडद्यावरची खूण हले. आणि तो गोळा कुठला? बोलिंगच्या खेळातला! पण काम पडलं लष्करी. सगळं गुप्त. बाहेरच्या जगाला पत्ताच नाही.

आणि जर्मनी? तिथल्या टेलिफुंकन कंपनीत राइनर मालेब्राइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच फिरता गोळा घेतला आणि सरळ उलटा केला. गोळा खाली, हात वर. टेबलावर सरकवला की झालं! त्याला त्यांनी 'रोलकुगेल', म्हणजे फिरता गोळा, असं नाव दिलं. कंपनीच्या माहितीपत्रकावर तारीख आहे २ ऑक्टोबर १९६८. म्हणजे एंगेलबार्टच्या प्रात्यक्षिकाच्याही दोन महिने आधी! कंपनीनं पेटंट मागितलं, तर कार्यालयानं सांगितलं की यात पेटंट देण्याइतकं नवं काही नाही.

या जर्मन मंडळींना एंगेलबार्टचं काम ठाऊक नव्हतं आणि एंगेलबार्टना त्यांचं. आंब्याच्या झाडाला एकाच वेळी दोन फांद्यांवर मोहोर यावा, तसं झालं. एंगेलबार्टचा ठोकळा मात्र १९६४ चा, म्हणून माउसच्या बाबतीत पहिला मान त्यांचा. पण आत गोळा असलेला जो माउस तुमच्या आई-बाबांनी वापरला, गोळा काढून त्यावरचा मळ नखानं खरवडला, तो दिसायला जर्मन माउसचा जास्त जवळचा!

झेरॉक्सवाल्यांचा खजिना

आता त्या मागच्या बाकावरच्या उत्तराकडे येऊ. प्रती काढायची यंत्रं विकून झेरॉक्स कंपनी गबर झाली होती. पुढेमागे कचेऱ्यांतला कागद कमी झाला तर आपलं कसं होणार, ही चिंता होतीच. तेव्हा १९७० साली कंपनीनं कॅलिफोर्नियात पालो अल्टो या गावी एक संशोधन केंद्र काढलं. भविष्यातली कचेरी कशी असेल ते शोधा, असं शास्त्रज्ञांना सांगितलं. एंगेलबार्टकडची काही माणसंही तिथे आली. माउस बनवणारे बिल इंग्लिश त्यांतलेच.

१९७३ साली या केंद्रात 'अल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदासारखा उभा होता. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं. प्रत्येक ठिपका वेगळा उजळता येई, म्हणून चित्रंही काढता येत. ॲलन के, ॲडेल गोल्डबर्ग, डॅन इंगॉल्स या मंडळींनी त्यावर एकमेकींवर पसरणाऱ्या खिडक्या आणल्या. टेबलावर वह्या एकीवर एक पडलेल्या असतात ना, तशा. लॅरी टेस्लर यांनी मजकूर कापून दुसरीकडे चिकटवायची सोपी रीत बसवली. शाळेतली मुलंही त्या संगणकावर प्रोग्राम लिहून पाहत असत.

एवढं सगळं हाताशी असूनही कंपनीनं अल्टो कधी दुकानात आणला नाही. १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला, पण एकाची किंमत १६,५९५ डॉलर! तो घरी कोण घेणार?

डिसेंबर १९७९ ची भेट

ॲपल ही तेव्हा नवखी कंपनी. तिचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्ज अवघ्या चोवीस वर्षांचे. झेरॉक्सला ॲपलमध्ये पैसे गुंतवायचे होते. सौदा असा ठरला की झेरॉक्सनं सुमारे दहा लाख डॉलरना ॲपलचे एक लाख शेअर घ्यायचे आणि ॲपलच्या माणसांना पालो अल्टोचं केंद्र आतून दाखवायचं.

ॲडेल गोल्डबर्ग यांना हे मुळीच पसंत नव्हतं. एवढ्या वर्षांची मेहनत परक्यांना दाखवायची कशाला? त्यांनी वरिष्ठांशी वाद घातला, आणि हुकूम येईना तोवर दाखवणार नाही असं बजावलं. शेवटी हुकूम आला आणि त्यांना दाखवावं लागलं.

त्या भेटीतला एक प्रसंग डॅन इंगॉल्स सांगत. पडद्यावरचा मजकूर वर सरकताना एकेक ओळ उडी मारत होता. जॉब्ज म्हणाले, हा सलग, गुळगुळीत सरकला तर बरं दिसेल. इंगॉल्सनी तिथेच प्रोग्राममध्ये थोडासा बदल केला आणि मजकूर सलग सरकू लागला! पाहुणे थक्क झाले.

इथूनच म्हणायला सुरुवात झाली की ॲपलनं झेरॉक्सची चोरी केली. पण ही चोरी म्हणायची का? मालकानं दार उघडून आत बोलावलं होतं, बदल्यात शेअर घेतले होते. वर्षभरानं, डिसेंबर १९८० मध्ये, ॲपलचा शेअर बाजारात आला तो २२ डॉलरला. झेरॉक्सच्या पैशाचे कितीतरी पट झाले. मात्र 'आमच्या कल्पना खुशाल वापरा' असं त्या सौद्यानं सांगितलं होतं का, यावर भांडायला जागा होती. शिवाय गोल्डबर्गबाईंच्या मेहनतीचं मोल त्या शेअरांतून त्यांना थोडंच मिळणार होतं?

नक्कल करायला गेला आणि शोध लागला

ॲपलनं जे पाहिलं ते जसंच्या तसं उचललं का? इथे एक मोठी गंमत आहे.

पाहुण्यांत बिल ॲटकिन्सन नावाचे प्रोग्रामर होते. खिडकीवर खिडकी पडली असता खालच्या खिडकीचा दिसणारा तेवढाच वेडावाकडा तुकडा आपोआप बदलतो, हे आपण झेरॉक्समध्ये पाहिलं असं त्यांना वाटलं. त्यांना जमलंय तर आपल्यालाही जमेल, म्हणून रात्रंदिवस डोकं लढवून त्यांनी ते गणित सोडवलं. नंतर कळलं की झेरॉक्सच्या संगणकात हे नव्हतंच! ॲटकिन्सन निघाले होते नक्कल करायला, आणि करून बसले नवा शोध. पुढे त्यांच्या गाडीला मोठा अपघात झाला. शुद्धीवर आल्यावर भेटायला आलेल्या जॉब्जना ते म्हणाले, काळजी नको, ते गणित अजून माझ्या लक्षात आहे!

पडद्याच्या माथ्यावरून खाली उघडणारा मेनूही ॲटकिन्सन यांचाच.

माउसचंही तसंच. झेरॉक्सच्या माउसला तीन बटणं होती, किंमत काहीशे डॉलर, आणि तो लवकर बिघडे. जॉब्जनी डीन हव्ही या तरुण रचनाकाराला सांगितलं की अगदी स्वस्त माउस हवा. हव्ही दुकानात गेले. अंगाला लावायच्या सुगंधी द्रव्याच्या बाटल्या आणल्या, ज्यांच्या तोंडाशी गोळा फिरतो त्या. शिवाय लोणी ठेवायचं प्लास्टिकचं भांडं आणलं. बाटलीतला गोळा काढून भांड्याखाली बसवला. ॲपलच्या माउसचा पहिला नमुना हा असा! बटण शेवटी एकच ठेवलं.

आणि चित्रं? सुझन केअर या चित्रकर्तीनं आलेखाच्या वहीत उभे ३२ आणि आडवे ३२ चौकोन घेतले. कुठला चौकोन काळा आणि कुठला कोरा एवढंच ठरवत हसऱ्या चेहऱ्याचा संगणक, वातीचा बाँब अशी चित्रं काढली. एका खास बटणासाठी खूण सापडेना, तेव्हा चिन्हांच्या कोशातून त्यांनी एक निवडली. युरोपच्या उत्तरेकडे प्रेक्षणीय जागा दाखवायला पाटीवर रंगवतात ती! म्हणजे इथेही उसनवारी आलीच.

हे सगळं एकत्र येऊन १९८३ साली 'लिसा' आणि २४ जानेवारी १९८४ रोजी 'मॅकिंटॉश' हे संगणक बाजारात आले. मॅकिंटॉशची किंमत २,४९५ डॉलर. स्वस्त नव्हे, पण झेरॉक्सच्या 'स्टार'पेक्षा सहापटींहून कमी.

कोर्टाची पायरी

मॅकिंटॉशसाठी प्रोग्राम लिहायचं काम मायक्रोसॉफ्ट कंपनीकडेही होतं. म्हणून मॅकिंटॉश बाजारात येण्यापूर्वीच तो बिल गेट्स यांच्या माणसांनी आतून-बाहेरून पाहिला होता. आणि १९८३ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की आम्हीही 'विंडोज', म्हणजे खिडक्या, काढतो आहोत! जॉब्ज भडकले. त्यांनी गेट्सना बोलावून झापलं. त्या खोलीत हजर असलेले ॲपलचे अँडी हर्ट्झफेल्ड यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की गेट्स शांतपणे म्हणाले, आपल्या दोघांचा झेरॉक्स नावाचा एक श्रीमंत शेजारी होता. मी त्याच्या घरी टीव्ही चोरायला शिरलो, तर बघतो काय, तू आधीच तो नेलेला!

१९८५ च्या नोव्हेंबरात विंडोजची पहिली आवृत्ती आली. तिच्यातल्या खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसत. त्याच महिन्यात दोन्ही कंपन्यांचा करार झाला आणि ॲपलनं काही गोष्टी वापरायला मायक्रोसॉफ्टला परवानगी दिली. पण दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर पसरू लागल्या. मग १७ मार्च १९८८ रोजी ॲपलनं मायक्रोसॉफ्ट आणि ह्युलेट-पॅकार्ड या दोघांवर दावा ठोकला. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींची यादीच कोर्टात दिली. किती गोष्टी? तब्बल १८९!

न्यायाधीशांनी एकेक तपासली. १७९ गोष्टी करारातच दिलेल्या होत्या. उरल्या १०. त्यांबद्दल कोर्ट म्हणालं की या निव्वळ कल्पना आहेत, किंवा ते काम करायला दुसरी रीतच नाही. त्यांवर कोणा एकाची मालकी चालणार नाही. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रोग्राममधली कचरापेटी आणि फोल्डर यांची काही चित्रं तेवढी ॲपलच्या चित्रांशी ताडून पाहण्यासारखी ठरली.

चित्रावर हक्क आहे, मग कल्पनेवर का नाही? हे निबंधावरून समजून घ्या. बाईंनी फळ्यावर 'माझी आई' हा विषय दिला. विषय सगळ्या वर्गाचा. आईवर निबंध लिहायचा हक्क माझाच, असं कोणी म्हणू शकत नाही. पण तुम्ही लिहिलेली वाक्यं तुमची. शेजाऱ्यानं ती उतरवून घेतली तर ती नक्कल. तसंच पडद्यावर कचरापेटी ठेवायची ही कल्पना सर्वांची. मात्र सुझन केअरसारख्या चित्रकारानं चौकोन भरून काढलेली विशिष्ट कचरापेटी ही ज्याची त्याची.

दावा चालू असताना, १९८९ च्या डिसेंबरात, खुद्द झेरॉक्सनंही ॲपलवर दावा लावला. तुम्ही दुसऱ्यावर ज्या गोष्टींसाठी भांडता त्या मुळात आमच्याच, असं तिचं म्हणणं. पण हा दावा या रीतीनं मांडताच येत नाही, असं सांगून १९९० मध्ये न्यायाधीशांनी त्यातला बहुतेक भाग काढून टाकला. खरा शोध कोणाचा, यात कोर्ट शिरलंच नाही. ॲपलचं अपील १९९४ साली फेटाळलं गेलं आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानंही दार लावून घेतलं. १९९७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी उरलीसुरली भांडणं मिटवली.

एंगेलबार्टना काय मिळालं?

माउसचं पेटंट १७ नोव्हेंबर १९७० रोजी मिळालं. त्यावर शोधक म्हणून नाव एंगेलबार्ट यांचं, पण मालकी संस्थेची. ॲपलनं वापराच्या परवान्यापोटी संस्थेला सुमारे ४० हजार डॉलर दिले, असं एंगेलबार्ट पुढे सांगत. १९८७ साली पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर घरोघरी माउस पोचले. प्रत्येक माउसमागे एक पैसा जरी मिळाला असता तरी! पण नाही मिळाला. बरीच वर्षं तर लोक त्यांचं नावही विसरले होते. १९९७ साली त्यांना संगणकशास्त्रातलं सर्वांत मानाचं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. २०१३ साली ते वारले.

आपल्या पुस्तकांत प्रश्न असतो : 'शोध कोणी लावला? एका वाक्यात उत्तर लिहा.' परीक्षेत तेवढंच लिहा, गुण घालवू नका! पण पालकांनो, घरी मुलांना आणखी दोन प्रश्न विचारून बघा. त्यानं कोणाकडून काय घेतलं? आणि त्यात स्वतःचं काय घातलं? घेणं वाईट नाही. झेरॉक्सनं एंगेलबार्टकडून घेतलं, ॲपलनं झेरॉक्सकडून, मायक्रोसॉफ्टनं दोघांकडून. प्रत्येकानं थोडीफार भरही घातली, म्हणून आज चौथीतलं पोरसुद्धा संगणक चालवतं. पण घेतलेलं घेतलं म्हणून सांगायला काय हरकत होती? कायद्यानं कल्पना सर्वांची असेल, पण ज्याच्याकडून ती मिळाली त्याचं नाव घ्यायला कुठल्या कोर्टाचा हुकूम लागत नाही.

करून बघा

आलेखाच्या कागदावर उभे ३२ आणि आडवे ३२ चौकोन आखा. फक्त काळ्या पेन्सिलनं पूर्ण चौकोन भरत 'मधली सुट्टी' या दोन शब्दांसाठी एक चित्र काढा. अर्धा चौकोन भरायचा नाही आणि एकही अक्षर लिहायचं नाही. मग ते घरातल्या धाकट्याला दाखवा. न सांगता ओळखलं तर जमलं!

आणि हो, डब्याची कल्पना मैत्रिणीची, घंटेची दादाची असली, तर चित्राखाली त्यांची नावं लिहायला विसरू नका.